काळा न पडलेला चमचा

साहेब, तुम्ही काल भरल्या कोर्टात एका म्हातारीला खोटं बोलू दिलंत. नुसतं बोलू दिलंत असं नाही. तिच्यापुढं पाण्याचा पेला सरकवलात, 'घाई नाही आजी, सावकाश सांगा' म्हणालात म्हणे, आणि तिच्या तोंडून जे पडलं ते अलगद झेललंत. सरकारी वकील तुम्ही. मेला तो माझा सख्खा भाऊ, म्हणजे तुम्ही लढताय ते माझ्याच बाजूनं, असं सगळे मला समजावतात. मग एकदा तरी माझ्याकडं फिरकायचं होतंत. पोलीस आले होते, नाही असं नाही. त्यांनी काय विचारलं? नवरा-बायकोची भांडणं व्हायची का. व्हायची. मोठ्यानं व्हायची का. हो, माझा भाऊ हळू बोलायला कधी शिकलाच नव्हता. झालं, आभारी आहोत, चहा नको. त्या पातेल्याच्या तळाशी काय सापडलं, हे मला सांगावं इतकीही माझी किंमत तुम्हाला वाटली नाही. ते मला आज कळतंय. तेसुद्धा बेसिनवर मान टाकून पडलेल्या एका बाईकडून.

हे भाषण तिच्या मनात चाललं होतं; हात आपले कामात होते. डाव्या हातात रंगाची वाटी, उजव्या हातात ब्रश, आणि पुढ्यात बँकेतल्या बाईंचं डोकं, चार भाग पाडून क्लिपा लावलेलं. पार्लर तिचं स्वतःचं होतं. दोन खुर्च्या, एक बेसिन, भिंतभर आरसा आणि कोपऱ्यात उंच टांगलेला टीव्ही. टीव्हीचा आवाज ती बंद ठेवायची, गिऱ्हाइकांचा पुरत असे. आत्ताही त्याच्यावर चार चौकोनांत चार माणसं तोंडं हलवत होती आणि खालून पट्टी सरकत होती: विषारी मशरूम खटला, चमच्याचं गूढ. खटला सुरू झाल्यापासून सगळं शहर वकील झालं होतं. दूधवाला वकील, दाताचा डॉक्टर वकील, समोरच्या दुकानातला झेरॉक्सवाला तर सरन्यायाधीश. आणि या खुर्च्यांवर बसणारी प्रत्येक बाई डोक्याला टॉवेल गुंडाळला की निकाल देऊन मोकळी व्हायची. ती ऐकत आली होती. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं. पेपरात फोटो यायचा तो दादाच्या लग्नातला, ज्यात ती कुणाच्या तरी खांद्याआड अर्धी दिसत होती, एक डोळा आणि हसू. कुणी ओळखलं नव्हतं. तिनंही सांगितलं नव्हतं. लाज वाटायची म्हणून नाही. आपला मेलेला भाऊ कुणाच्या चहाबरोबर तोंडी लावायला द्यायचा नाही, म्हणून.

झालं होतं ते इतकंच. शाळेतल्या मास्तरीणबाई केस धुवायला बेसिनवर होत्या. डोळे मिटलेले, गळा वर, आणि अशा अवस्थेतही अखंड बोलत. "चमचा सापडला म्हणे हो. चांदीचा. त्या मशरूमच्या पातेल्यात, तळाशी."

"चांदीचा?" रंगाची वाट बघत बसलेल्या बँकेतल्या बाई पुढं सरकल्या. "शिजवताना पडला असेल."

"पडतोय कसला! मुद्दाम टाकलेला. विष आहे का नाही ते बघायला. विष असलं की चांदी काळी पडते म्हणतात. बाईला ठाऊक असल्याशिवाय ती बघेल कशाला?"

"मग पडला का काळा?"

"नाही ना! लख्ख पांढरा. फोटो आलाय पेपरात."

"मग तिला वाटलं असेल, विष नाही."

मास्तरीणबाईंनी मिटल्या डोळ्यांनीच विचार केला. "तुम्ही फार साध्या आहात," त्या म्हणाल्या. "काळा पडला असता तर नवऱ्याला दिसला नसता का? म्हणून चांदी काळी न पाडणारं विष निवडलं. आणि सांगते कसं, तर म्हणे आमच्या सासूबाईंनीच शिकवलं. काल सासूला विचारलं कोर्टात. सासू म्हणाली, आमच्या घरात असलं काही नव्हतं. थोबाड फुटलं बाईचं. एक नणंद पण आहे म्हणे. ती कुठं तोंड लपवून बसलीय कोण जाणे. नणंदाच असतात हो सगळ्याच्या मुळाशी— अहो ताई, कानात! कानात पाणी!"

नणंदेनं नळ बंद केला. "माफ करा," म्हणाली, आणि टॉवेलच्या टोकानं मास्तरीणबाईंचा कान फार हळू, फार नीट पुसला.

चमचा. तिनं त्याला शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवेना, पण हाताला तो आठवत होता. लांब दांड्याचा, दांड्याच्या टोकाला झिजून नुसता फुगवटा उरलेलं एक फूल, आणि उजव्या बाजूला किंचित वाकलेला, कारण लहानपणी दादानं त्यानं कुंडीतली माती उकरली होती आणि त्यापायी मार खाल्ला होता. आई तो फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून सगळ्यात वरच्या खणात ठेवायची आणि एरवी कशालाच वापरायची नाही. पावसाळ्याच्या अखेरीला बाबा गावाबाहेरच्या रानातून अळंबी आणायचे, तेव्हाच तो खाली उतरायचा. पातेल्यात पाणी, मीठ, अळंबी, आणि मग आई पदराला हात पुसून, देवघरात जाताना जसा चेहरा करायची तसा करून, चमचा सोडायची. टण्ण असा आवाज. मग वाफ. त्या वाफेला ओल्या पोत्याचा, जुन्या लाकडाचा, थोडा माणसाच्या अंगाचा वास यायचा. दादा आणि ती स्टुलावर चढून पातेल्यात वाकून बघायची. पाण्याच्या बुडबुड्यांत चमचा थरथरताना दिसायचा. "काळा पडतोय! पडतोय!" दादा ओरडायचा, आणि आईचा हात गॅसच्या बटणाकडं जायचा, आणि मग दादा खिदळायचा, आणि मग धपाटा. चमचा कधीच काळा पडला नाही. खरं सांगायचं तर दोघांनाही आतून वाटायचं की एकदा तरी पडावा. एकदा, गंमत म्हणून. दरवर्षी तो तसाच निघायचा, चकचकीत, जरा जास्तच स्वच्छ, आणि आई म्हणायची, "घ्या, आता बिनघोर खा."

बाबा पातेल्याकडं फिरकतसुद्धा नसत. त्यांचं काम आधीच झालेलं असे, मागच्या पायरीवर, पसरलेल्या वर्तमानपत्रावर. एकेक अळंबी उचलायची, उलटी करायची, खालच्या पाकळ्यांवरून अंगठा फिरवायचा, देठ मुळापर्यंत बघायचं, हुंगायचं. आणि टाकायची. अर्ध्याहून जास्त कुंपणापलीकडं जायची. चांगली दिसणारी, गुबगुबीत, पांढरीशुभ्र अळंबीसुद्धा. दादा रडकुंडीला यायचा, "बाबा, ती तर किती छान आहे!" बाबा म्हणायचे, "छान आहे ना, मग बघायला ठेव." एकदा तिनं विचारलं होतं, तुम्ही एवढं बघता तर मग चमचा कशाला? बाबा हसले होते. "तो तुझ्या आईसाठी," म्हणाले होते. पोरीला वाटलं, चमचा आईचा आहे, असं सांगतायत. आज, ब्रशनं भांगात रंग ओढता ओढता, ते वाक्य आपला खरा अर्थ घेऊन समोर येऊन उभं राहिलं आणि तिचा हात थांबला. चमच्यानं आमच्या घरात कधीच काही केलं नव्हतं. तो नुसता अंघोळ करून बाहेर यायचा. आम्हाला वाचवत होता तो बाबांचा अंगठा.

बाबा गेले आणि रानात दादा जायला लागला. दादा काहीच टाकायचा नाही. "बाबा भित्रे होते," टोपली टेबलावर उपडी करत म्हणायचा. दादाचं सगळंच असं उपडं केल्यासारखं. हसणं, रागावणं, पैसे, माया. बायकोवर ओरडायचा ते चार घरं ऐकू जायचं. तिच्यासाठी गाणं म्हणायचा तेही चार घरं ऐकू जायचं, पण कोर्टात पहिल्याचेच साक्षीदार आले. वहिनी अळंबीला तोंड लावायची नाही. तिला त्या वासानं मळमळायचं. यावरून पहिल्या वर्षी केवढी चेष्टा! "आमच्या राणीसाहेबांना मातीचा वास येतो," आई म्हणायची. आणि आता टीव्हीवरचा तो फुगीर मानेचा माणूस, निवृत्त कुणीतरी, बोट नाचवत विचारत होता की आरोपीनं स्वतः एक घासही का खाल्ला नाही. आवाज बंद होता तरी तिला कळत होतं. रोज तेच विचारायचा.

दादा-वहिनीनं नवीन घरी बिऱ्हाड हलवलं त्या दिवशीचं तिला लख्ख आठवलं. खोकी, दोऱ्या, सुतळीचे तुकडे, आणि स्वयंपाकघरात उभ्या तिघी. आईनं फ्लॅनेलची पुरचुंडी वहिनीच्या हातात ठेवली. "हा आता तुझ्याकडं. त्याला अळंबीचं वेड, आणि तुला त्यातलं काही कळत नाही. उकळी आली की सोडायचा. काळा पडला तर सगळं फेकायचं, त्याचं ऐकायचं नाही." वहिनीनं चमचा उलटासुलटा करून पाहिला. "खरंच कळतं का हो यानं?" आईला ते लागलं. "माझ्या घरात आजवर कुणी मेलंय का? पोटच्या पोराच्या जिवाशी खेळीन होय मी?" वहिनी ओशाळली. "तसं नव्हतं म्हणायचं." आणि मग विषय संपला, कारण दादा आला आणि खोक्यावर बसला आणि खोकं फाटलं.

"ताई, रंग सुकला वाटतं ब्रशवरचा," बँकेतल्या बाई आरशातून म्हणाल्या.

"हो," ती म्हणाली. वाटी खाली ठेवली. हातमोजे काढले. आरशात तिघी दिसत होत्या. एक अर्धी रंगलेली, एक टॉवेलातली, आणि मधे ती. ती स्वतःला फार शांत दिसली. "ती नणंद मी आहे," ती म्हणाली. "गेला तो माझा भाऊ. तो चमचा आमच्या घरचा. माझ्या आईनं माझ्यासमोर वहिनीला दिला."

मास्तरीणबाईंचं तोंड उघडं राहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यातून काही बाहेर आलं नाही. बँकेतल्या बाईंनी उठायचा प्रयत्न केला आणि मग बहुधा अर्ध्या डोक्याचा विचार करून पुन्हा बसल्या.

"अगं बाई," मास्तरीणबाई शेवटी म्हणाल्या. "मग तुम्ही इतके दिवस ऐकून कसं घेतलंत?"

"तुम्ही बोलत होतात ना."

"पण तुमच्या आईनं तर शपथेवर..."

"ते माझं आणि आईचं. बसा नीट. मान सरळ." तिनं नवे मोजे चढवले आणि उरलेलं डोकं रंगवून काढलं, एक केस न सोडता. मास्तरीणबाईंनी जाताना तिच्या दंडाला हात लावला आणि काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाल्या, "सांभाळा." ती म्हणाली, "सांभाळायचं ते तुम्ही. जिभेला."

मग दाराची पाटी उलटी करून तिनं बचावाच्या वकिलाला फोन लावला. तो तरुण असावा, किंवा घाबरलेला. आधी त्याला खरंच वाटेना. मग तो भराभर बोलायला लागला. तिची एकटीची साक्ष पुरणार नाही. समोरचे म्हणतील, नणंद-भावजयीचं साटंलोटं. 'असलं काही नव्हतं' असं सासूच म्हणालीय, आणि सासूचा तर मुलगा गेलाय, तिच्यावर कोर्टाचा विश्वास. "मी त्यांना उद्या पुन्हा बोलावून घेऊ शकतो. पण त्या पुन्हा नाही म्हणाल्या, तर तुमच्या वहिनी संपल्या. मग मी काहीही केलं तरी त्यांना जन्मठेप चुकत नाही. त्या काय बोलतील एवढं मला आज सांगा." "सांगते," ती म्हणाली. खात्रीनं म्हणाली. आई खोटं बोलली होती, आणि खोट्या माणसाला खरं बोलायला लावणं तिला जमत होतं. अर्धं आयुष्य तिनं बायकांना आरशासमोर बसवून हेच केलं होतं.

बस रिकामी होती. खिडकीच्या काचेवर डोकं टेकलं की इंजिनाची थरथर दातांपर्यंत यायची. तिला हॉस्पिटलमधला दादा दिसला. वांत्या थांबून मधे एक दिवस तो अगदी बरा झाला होता. उशीला टेकून बसला होता, टोस्ट खाल्ला होता, शेजारच्या खाटेवरल्याची नक्कल केली होती. आतल्या आत यकृत जळत होतं आणि हा नकला करत होता. "वहिनीला सांग," तिला म्हणाला होता, "पुढच्या वेळी मीठ कमी." दुसऱ्या दिवसापासून त्याचे डोळे पिवळे झाले आणि मग त्यानं तिला ओळखलं नाही. मीठ कमी. ज्याला बायकोचा संशय असतो तो पुढच्या वेळेचं बोलत नाही. हे कुठल्या चौकोनातल्या माणसाला सांगायचं? त्यांना दादा नकोच होता. त्यांना बाई हवी होती. तिला एक क्षण वाटून गेलं, आपल्यालाही हवी होती. हॉस्पिटलच्या जिन्यात वहिनी भिंतीला टेकून बसली होती तेव्हा आपण तिच्या शेजारी बसलो नव्हतो, दोन पायऱ्या सोडून बसलो होतो. ती दोन पायऱ्यांची जागा तिला आता बसच्या रिकाम्या सीटसारखी शेजारी दिसत होती. तिनं पर्स उचलून त्या सीटवर ठेवली.

आई गॅलरीत होती, कुंड्यांतली पिवळी पानं खुडत. तिला बघून म्हणाली, "आज पार्लर बंद? जेवलीस का?"

"आई, काल खोटं का बोललीस?"

"कुठं?"

"कोर्टात. चमच्याचं."

आईनं खुडलेली पानं मुठीत धरली. "खोटं? मी? शपथ घेतली होती चिमे मी. त्या वकिलानं विचारलं, तुमच्या घरात स्वयंपाकात मंत्रतंत्र, उतारा, करणी, असला काही प्रकार चालायचा का. मी म्हटलं, आमच्या घरात असलं काही नव्हतं. होतं का कधी? तुझे बाबा असलं चालू देतील?"

तिची सगळी तयार केलेली वाक्यं बसमध्येच राहिल्यासारखी झाली. खोटं नव्हतंच. विचारणाऱ्यानं करणीचं विचारलं, उत्तर देणारीनं करणीचं सांगितलं, आणि पेपरवाल्यानं मधे चमचा छापला. त्या एवढ्याशा फटीत वहिनी जन्मभरासाठी जाऊन पडणार होती.

"आणि चमचा?" तिनं विचारलं. "चमच्याचं विचारलं नाही?"

"चमचा दाखवला. हा ओळखता का. म्हटलं, माझा आहे, सुनेला दिलेला. तो म्हणाला, बास."

"बास म्हणाला?"

"बास. पण मी काय म्हणते, तो काळा पडला नव्हता, चिमे." आई जवळ आली. आवाज खाली आणला, तिच्या हाताला मातीचा वास होता. "मी नीट बघून घेतला. चष्मा लावून. जसा दिला तसा होता, लख्ख. म्हणजे अळंबी चांगलीच होती. मग माझं पोर मेलं कशानं? नंतर कालवलंय तिनं काहीतरी. ताटात वाढताना. मला पहिल्यापासून हेच वाटतंय, पण तो चमचा बघितला आणि खात्रीच झाली."

गॅलरीतून खालचा रस्ता दिसत होता. एक माणूस गाडीची काच पुसत होता, तेच तेच पुसत होता. तिला आता राग येत नव्हता, किंवा इतका येत होता की तो आईवर मावेना. "आई, बस," ती म्हणाली. आई बसली नाही. "चांदीला ते विष कळत नाही. वकील फोनवर म्हणाला, प्रयोगशाळेतला एक माणूस कोर्टात हे सांगून गेलाय. कितीही उकळ, काळी पडत नाही."

"त्याला काय ठाऊक! माझ्या सासूपासून चालत आलंय ते. कुणी मेलं?"

"बाबा टाकून द्यायचे म्हणून नाही मेलं. अर्ध्याहून जास्त कुंपणापलीकडं जायची, तू बघायचीस. दादा एक टाकायचा नाही."

"त्याला पारख होती."

"नव्हती, आई."

"होती!" आई ओरडली. दादासारखीच, चार घरं ऐकतील अशी. मग हातातली पानं कुंडीत पडली आणि ती कठड्याला धरून उभी राहिली. "म्हणजे तुझं म्हणणं, मी मारलं? माझ्या चमच्यानं?"

"कुणीच नाही मारलं."

"असं कसं कुणीच नाही? माणूस मेलंय. घरातलं, धडधाकट. कुणीतरी मारल्याशिवाय मरतं होय?"

हेच. हेच सगळं शहर विचारत होतं, खुर्च्यांवर, चौकोनांत, झेरॉक्सच्या दुकानात. कुणीच नाही, हे उत्तर कुणाच्याच घशाखाली उतरत नव्हतं, त्यापेक्षा एक बाई सोपी होती. तिनं आईचे दोन्ही हात धरले. ते गार आणि खरखरीत होते. फार जोरात धरले, पण सोडले नाहीत. वकिलाला आज फोन करायचा होता. आई उद्या उभी राहील, ही खात्री तिला या क्षणीही होती; फक्त तिथवर आईला स्वतःच्या पायांनी जावं लागणार होतं.

"आई, माझ्याकडं बघ. आम्ही लहान होतो. तू पाण्यात चमचा सोडायचीस. कशाला सोडायचीस?"

"कशाला म्हणजे?"

"सांग ना. कशाला?"

"तुम्हाला काही होऊ नये म्हणून," आई म्हणाली. "आणखी कशाला सोडीन?"

"मग तिनं कशाला सोडला? उद्या हेच विचारणार आहेत तुला. मला आत्ता सांग. तिनं कशाला सोडला, आई?"